मी, अण्णांच्या पडवीतलं इंजिन

मी एका जुन्या मॉरिस मायनर गाडीचं इंजिन. माझा जन्म विलायतेतला, पण तिथलं मला काही आठवत नाही. जे आठवतं ते डोंबिवलीतलं, एका बैठ्या घराच्या मागच्या पडवीतलं. तिथे मला एकानं उघडलं आणि दुसऱ्या दोघांनी जोडलं. तेवढं सांगावं आणि मग गप्प व्हावं, असं मनात आहे.

त्याआधी मी कल्याणच्या एका डॉक्टरांकडे होतो. ते म्हातारे झाले, व्हिजिटा बंद झाल्या आणि मी ताडपत्रीखाली गेलो. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. तिथून मला बाळनं आणलं. साल पंच्याऐंशी असेल. बाळ ठाण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात होता, नुकतंच लग्न झालेलं. कल्याणहून डोंबिवलीपर्यंत मी निळा धूर ओकत आलो. फाटकात त्याचे वडील उभे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"बाळ, ही गाडी म्हणायची की भट्टी?"

"भट्टीच आहे अण्णा. उन्हाळ्यात उघडतो."

आणि खरंच त्यानं मला उघडलं. शेजारच्यांना बोलावून, बांबूला दोर बांधून मला गाडीतून उचललं आणि पडवीत ठेवलं. त्याची बायको नीला ऑफिसातून आली की पाटावर बसून त्याला पाने-पकडी द्यायची. तो बोलत बोलत एकेक भाग काढायचा आणि ती ऐकायची. नट लोणच्याच्या बरणीत रॉकेलमध्ये बुडाले, पिस्टन डालड्याच्या डब्यांत गेले. बाळची आई, रमाबाई, रोज एकदा विचारायची, "माझ्या बरण्या मला परत मिळणार आहेत का?"

श्रावणात बाळला कावीळ झाली. पंधरवडाभर तो पिवळा पडत गेला, मग दवाखान्यात नेला तो घरी आलाच नाही.

माझं झाकण निघालेलं, पोटातलं सगळं डब्यांत. कुणी माझ्यावर एक जुनी चादर टाकली. रमाबाई पडवीत यायची थांबली. भांडी घासायलाही ती पुढच्या नळावर जायची. नीला माहेरी गेली नाही. सकाळी डबा घेऊन कल्याणच्या ऑफिसात जायची, संध्याकाळी परत यायची, आणि कधी कधी चादरीचं टोक उचलून नुसतं बघायची.

दोन वर्षांनी ती चादर अण्णांनी काढली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जीप पुष्कळ चालवलेली, पण बॉनेट कधी उघडलं नव्हतं. एक पिस्टन हातात घेऊन ते उलटसुलट बघत बसले. नीला चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अण्णा, तो उलटा धरलाय तुम्ही. त्याच्यावर बाण आहे बघा. तो पुढच्या बाजूला येतो. ह्यांनी सांगितलेलं."

अण्णा थोडं सरकले. "बस," म्हणाले.

अशी ती दोघं बसली. रोज नाही, पण रविवार चुकला नाही. माझा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतात ते धड, टेम्पोत घालून दोघं कोपरीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली आणि झिजलेली भोकं कातून, बोअर करून आणला. व्हॉल्व्ह घासायचं काम नीलानं घेतलं. लाकडी काडीच्या टोकाला रबर असतं, ते व्हॉल्व्हला चिकटवायचं आणि काडी दोन तळहातांत फिरवायची. ताक घुसळावं तशी ती घुसळायची. बाळविषयी ती दोघं कधी बोलली नाहीत. "ह्यांनी असं सांगितलेलं" एवढंच ती म्हणायची, आणि अण्णा तसं करायचे. मला वाटायचं, तो तिसरा तिथेच बसला आहे.

मी निम्मा जोडून झालो तेव्हा नीलानं एक गोष्ट सांगितली. तिच्या ऑफिसात सीताराम वैद्य म्हणून होते, टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहणारे. त्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं.

अण्णांच्या हातात हेडचा, म्हणजे माझ्या झाकणाचा बोल्ट होता. तो त्यांनी पुसला, परत पुसला.

"माणूस कसा आहे?"

"चांगला आहे."

"मग विचार कसला करतेस?"

"हे असं उघडं टाकून मी कुठे जाऊ, अण्णा?"

"टाकून नको जाऊस. आपण पुरं करू. याच गाडीतून तुला टिटवाळ्याला पोचवीन."

पुढं मी भराभर जुळत गेलो. बांबू आणि दोर पुन्हा आले, मी गाडीत बसलो. तेल घातलं, पाणी घातलं. नीलानं पुढून हँडल लावलं आणि फिरवलं. मी हूं की चूं केलं नाही.

का, ते मला ठाऊक होतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बोटाच्या पेराएवढा एक तुकडा असतो, रोटर. तो फिरतो म्हणून प्लगांना ठिणगी मिळते. तो नसेल तर हँडल मारून काही उपयोग नाही. आणि तो आदल्या दिवशी अण्णांनी काढून सदऱ्याच्या खिशात घातला होता.

आठवडा गेला, दुसरा गेला. नीला ऑफिसातून यायची, पदर खोचायची, हँडल मारायची. अण्णा बाजूला उभे राहून म्हणायचे, "प्लग बघूया का पुन्हा?" मी गप्प. मला बोलता आलं असतं तरी काय बोललो असतो, कोण जाणे.

मग एके सकाळी धुण्याचे कपडे घेऊन रमाबाई पडवीत आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. अण्णा माझ्यापाशीच होते. तिनं तो तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"तुमच्या खिशात होतं. कशाचं आहे ते मला कळत नाही. पण काल त्या पोरीच्या तळहाताला फोड आलेत."

अण्णांनी मूठ मिटली.

"माझा मुलगा गेला," रमाबाई म्हणाली, "तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. हिला जायचंय, तर नीट हसतमुखानं जाऊ दे."

संध्याकाळी अण्णांनी रोटर नीलासमोर धरला.

"हे माझ्याकडे होतं."

"माहितीये मला," नीला म्हणाली. "पहिल्याच दिवशी टोपी उघडून बघितलेली मी."

"मग हँडल का मारत बसलीस?"

"तुम्ही का काढून ठेवलंत?"

दोघांचं उत्तर एकच होतं. नीलानं रोटर बसवला, टोपीच्या कड्या लावल्या आणि फोडांवर फडकं गुंडाळून हँडल फिरवलं. दुसऱ्या फेरीला मी सुरू झालो. धूर नाही, खडखड नाही. रमाबाई आतून येऊन दाराला टेकली. बाळनं माझा तो आवाज कधी ऐकलाच नाही, हे त्या तिघांच्याही मनात आलं असावं, कारण बराच वेळ मला कुणी बंद केलं नाही.

लग्न कल्याणच्या रजिस्ट्रार कचेरीत झालं. तिथून मी सगळ्यांना टिटवाळ्याला नेलं. वैद्यांनी जेवूनच जा म्हणून आग्रह केला. अण्णांनी नुसता चहा घेतला. नीला रस्त्यापर्यंत आली. वाकून अण्णा आणि रमाबाईच्या पाया पडली आणि मग, कुणाला काही कळायच्या आत, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. माझं अंग अजून गरम होतं.

परतताना शहाडचा पूल ओलांडल्यावर अण्णांनी गाडी कडेला घेतली. रमाबाई म्हणाली, "रडा. इथे कोण बघतंय." ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मी चालू होतो. एकदाही अडखळलो नाही. मला तेवढंच करता येत होतं.

त्यानंतर मी फार चाललो नाही. दर रविवारी अण्णा मला अंगणातच सुरू करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. नीला दिवाळीला यायची. मग तिला मुलगी झाली, तिची शाळा आली, येणं विरळ झालं. शहाण्णव साली अण्णा गेले. रमाबाईला हँडल फिरवणं शक्य नव्हतं. पिस्टन गंजून जागच्या जागी धरले आणि मी आतून आवळला गेलो.

आता घर बिल्डरला दिलं आहे. काल नीला वैद्यांबरोबर रमाबाईला न्यायला आली होती, टिटवाळ्याला, स्वतःच्या घरी. वैद्य म्हणाले, "हे दुरुस्त करून घेऊया का? माणूस बघतो मी." नीलानं मान हलवली.

"नको. ज्यांच्याबरोबर बसून केलं, ते नाहीत आता."

मला वाईट वाटलं, पण तिचं खरं होतं.

भंगारवाला सकाळी येणार आहे. घणाचे घाव बसतील, मग कुठे तरी भट्टी. लोखंड आहे, त्याचं काही ना काही होईल. तुम्हाला एकच सांगायचं आहे. तुमच्या घरातही कुणी काही तरी उघडून, अर्धं टाकून गेलं असेल. त्यावर चादर घालू नका. ज्याला त्या माणसाची तुमच्याइतकीच आठवण येते, त्याला शेजारी बसवा आणि जोडायला घ्या. जोडून होईल तेव्हा कदाचित तो उठून जाईल. जाऊ द्या.