पत्र्याच्या वस्तीतली हाक

लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत मुलींची वसतिगृहे पुष्कळ. पण शिवकांताबाईंच्या वसतिगृहाची ख्याती निराळी होती. तिथे राहिलेली मुलगी डॉक्टर होवो न होवो, बोलायला लागे ती थेट पुणेकरणीसारखी. संध्याकाळच्या हजेरीला कुणी 'आहे'ऐवजी गावाकडचे 'हाय' म्हटले, की बाई 'उपस्थित' असे पुन्हा म्हणायला लावत.

बाई कुठल्या, असे विचारले तर त्या 'पुण्याच्या' सांगत. ते अगदीच खोटे नव्हते. भूकंपात औशाकडचे गाव आणि आईवडील गेले. काही महिने पत्र्याच्या वस्तीत काढल्यावर लहानग्या शिवकांताला पुण्याच्या एका शाळेने नेले. तिथल्या मुली तिच्या बोलण्याला हसल्या आणि तिने ते बोलणे घडी घालून कायमचे आत ठेवून दिले. आपल्या मुलींवर ती पाळी येऊ नये, एवढाच बाईंचा हट्ट होता.

यंदा नांदेडहून आलेली मुबश्शिरा त्या हट्टापुढे मुकी झाली. पहिल्याच हजेरीला ती "हाव, हाय मी" म्हणाली. मुली हसल्या, बाईंनी सुधारले. तेव्हापासून ती नुसती मान हलवी. शिकवणीत शंका विचारीना, गुण घसरले. अखेर तिने वडिलांना फोन केला. रविवारी अक्रमभाई शिलाईचे दुकान बंद ठेवून तिला न्यायला येणार होते. बाईंना ती पोर फार आवडे. एकदा परत गेली की डॉक्टरकीचे नाव निघणार नाही, हे त्यांना कळत होते.

शनिवारी दिवेलागणीला जमीन हलली. धक्का हलकाच होता, पण मुली किंचाळत अंगणात आल्या. एक कमी होती. कपडे काढायला गच्चीवर गेलेली मुबश्शिरा खाली आली नव्हती.

"मुबश्शिरा, तू कुठे आहेस? उत्तर दे."

वरून चकार शब्द आला नाही. बाई दोनदा ओरडल्या. मग त्यांच्यासमोर पत्र्याच्या वस्तीतली संध्याकाळ उभी राहिली. तिथे दिवे लागले की शेजारीण शेजारणीला हाक मारी. पलीकडून ओ आल्याशिवाय कुणाचा तवा चुलीवर चढत नसे.

"मुबश्शिरा व्हऽऽ, हाईस का गं माय?"

"हाव मॅडम! हाय मी, टाकीपाशी!"

बाई जिना चढून गेल्या. पोर टाकीला पाठ लावून, वाळलेले कपडे छातीशी धरून बसली होती.

"आधी का ओ दिली नाहीस?"

"नीट वाक्य जुळवून राहिले होते, मॅडम. भीतीनं जुळंना."

बाईंनी तिला जवळ घेतले आणि बराच वेळ सोडले नाही.

खाली पुन्हा हजेरी झाली. मुबश्शिरा "हाय" म्हणताच देवणीची धम्मप्रिया म्हणाली, "उपस्थित म्हण की गं. न्हाईतर मॅडम पुन्यात पाठवतील."

साऱ्याजणी हसल्या. या वेळी मुबश्शिराही हसली, आणि बाईंनी कुणालाच सुधारले नाही.

दुसऱ्या दिवशी अक्रमभाई मोठी रिकामी पिशवी घेऊन आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "बाई, लेकरू फोनवर लई रडून राहिलं होतं. तुमी पुण्याची मानसं. आमचं बोलणं हितं कसं चालावं?"

"मी औशाकडची हाय, भाऊ," बाई म्हणाल्या. जीभ थोडी अडखळली. "पुण्यात शिकले. पोरींना ते बोलणं शिकवीनच, पुढं लागतं. पर त्यासाठी घरचं टाकायला लावलं, ते चुकलं माझं."

अक्रमभाईंनी चपला काढल्या, आत येऊन बसले. "औशाची? मग चहा घेतो," म्हणाले, आणि लेकीकडे वळले. "क्या करती बेटा? चलना है?"

मुबश्शिराने पिशवीची नीट घडी करून त्यांच्या हातात दिली.

"नक्को अब्बा. अगले बार आते वख्त इसमें अम्मी के हात का अचार लाओ," ती म्हणाली, आणि बाईंकडे पाहून पुढे, "मॅडमला बी लागंल."