जपानपेक्षा स्वस्त मेडशी

मेडशीच्या एसटी थांब्यावर भागवतने लावलेल्या फलकावर चार देश होते आणि एक गाव. अमेरिका, महिना सहा हजार. जर्मनी, चार हजार. जपान, तीन हजार. कोरिया, दोन हजार. आणि सगळ्यांत खाली ठसठशीत लाल अक्षरांत: मेडशी, फक्त पाचशे नव्व्याण्णव, वेग शंभर! शेजारी हात जोडून उभा असलेला भागवत. गावातल्या पावणेतीनशे घरांत इंटरनेटची तार त्याचीच जात होती.

मंजुषा मालेगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची. बस येईपर्यंत रोज तो फलक तिच्यासमोर असायचा. शत्रूचा चेहरा पाठ करावा तसा तिने तो पाठ केला होता.

गेल्या माघात, शंकरपटाच्या म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी, दुपारी अडीचला तिची मुलाखत होती. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची जागा. एमएस्सी झाल्यापासून दोन वर्षं तिने त्या एका जागेवर डोळा ठेवला होता. त्या दिवशी घरातला मिक्सर बंद, टीव्ही बंद, दाराला आतून कडी. अकराव्या मिनिटाला पडद्यावरचे तीन चेहरे गोठले आणि मग काळे झाले. मोबाइलचा टॉवर पटाच्या गर्दीने आधीच बसलेला. तिने चाळीस मिनिटं धडपड केली. आठवड्याने सभ्य भाषेतलं पत्र आलं की निवड दुसऱ्याची झाली.

मुलाखतीच्याच संध्याकाळी ती भागवतच्या दुकानात गेली होती. बाकड्यावर सात-आठ जण बसले होते.

"भागवतभाऊ, दोन एक्केचाळीसले नेट काहून गेलं?"

भागवतने मानही वर केली नाही. "नेट नाई तुटलं वो म्याडम. तुमचं विंग्रजी तुटलं असंन."

बाकडं हसलं. एक जण तर मांडीवर थाप मारून हसला.

मंजुषा रडली नाही. शेजारच्या दुकानातून तिने दोनशे पानी वही घेतली आणि घरी येऊन पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, वेग, शेरा. दिवसातून तीनदा मोजणी, तीही ठरलेल्या वेळीच. ताप असला तरी, घरात पाहुणे असले तरी.

चौथ्या दिवशी तिने पटाचं थेट प्रक्षेपण पुन्हा पाहिलं. ते भागवतनेच केलं होतं. चित्रफितीच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. दोन चाळीसला भागवत माइकवर ओरडत होता, "मंडळी, एक पण फ्रेम अटकनार नाई! आखी गावची लाइन मी इकडं ओढून घेऊन राह्यलो!" पुढच्याच मिनिटाला तिच्या पडद्यावरचे चेहरे गोठले होते.

म्हणजे बाकड्यावर बसून तो बोलला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. तोवर मंजुषाला फक्त राग होता. त्या दिवसापासून तिला घाई राहिली नाही.

पुढच्या महिन्यांत तिने त्याची दुसरी खोड शोधली. कुणी तक्रार केली की भागवत घरी येई, आपल्या फोनवर वेग मोजून दाखवी. अठ्ठ्याण्णव! माणूस गप्प. मंजुषाने त्या मोजणीचा माग काढला, तर ती ज्या मशीनपर्यंत जात होती ते मशीन भागवतच्याच दुकानात होतं, काउंटरखाली. घर ते दुकान, एवढीच धाव. गावाबाहेरच्या जगाचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता.

कॉलेजातली तिची मैत्रीण संस्कृती लग्न करून कोरियाला गेली होती. तिला आणि जर्मनीतल्या एका वर्गमित्राला मंजुषाने कामाला लावलं. तिघांनीही सिंगापूरमधल्या एकाच मशीनपर्यंत वेग मोजायचा, तीन तीन वेळा.

"अगं, इथं कुणी मोजतच नाही," संस्कृती फोनवर म्हणाली. "आणि दोन हजार म्हणजे माझा दोन-अडीच तासांचा पगार. एवढं काय त्यात?"

मंजुषाने तेही लिहून घेतलं. मग शेतात तूर कापायला येणाऱ्या रामीबाईंना विचारलं. त्या नातवाच्या अभ्यासासाठी हेच नेट भरत होत्या.

"दोन दिवसाची मजुरी जाते माय," रामीबाई म्हणाल्या, "अन् पोरगं रेंजसाठी गच्चीवर फोन धरून उभंच राह्यते."

मंजुषा वहीतून मान वर न करता म्हणाली, "मावशी, माघात पटाले येसाल ना?"

यंदाच्या माघात पटाच्या आठ दिवस आधी ती तांड्यावर हेमसिंगकाकांकडे गेली. पटात घड्याळावर तेच बसायचे. पस्तीस वर्षं. सेकंदाच्या शंभराव्या भागावरून जोड्या जिंकत आणि हरत. पण काकांनी आकडा सांगितला की भांडखोर मालकही मुकाट बैल सोडून घरी जात. काकांनी वही सावकाश पाहिली.

"मतलब हा गडी अर्ध्या धावपट्टीवर बैल पळवते अन् पुऱ्या पटाचा टाइम सांगते?"

"अर्ध्याही नाई काका. चार पावलं."

काकांनी वही मिटली. "घड्याळावर मीच राहीन त्या दिवशी. बाकी मी पाहतो."

पटाच्या दिवशी मैदानावर भागवतचाच मंडप होता आणि मंडपात फुकट वायफाय. बक्षिसांनंतर सरपंच चतुराबाई ठराव वाचणार होत्या: ग्रामपंचायतीच्या खांबांवरून पुढची पाच वर्षं फक्त भागवतचीच तार जाईल. भागवतने माइक घेतला.

"अमेरिकेवाले सहा हजार भरतात! जपानपेक्षा आपली मेडशी स्वस्त! अन् वेग? हे पाहा!" त्याने फोन उंचावला. "अठ्ठ्याण्णव!"

टाळ्या पडल्या. घड्याळाच्या टेबलामागून हेमसिंगकाका उठले. "भागवत, धावपट्टी कुठून कुठवर?"

"काका, हे नेट हाये, बैल नाई."

"टाइम टाइमच असते, बापू. मी घड्याळावर बसलो. सांग, कुठून कुठवर?"

भागवतने फोन खाली घेतला. मंजुषा मागून म्हणाली, "हितून त्याच्या दुकानापर्यंत. काउंटरच्या खाली मशीन हाये."

मैदानातून कुणीतरी शीळ घातली.

"आता पुऱ्या पट्टीवर पळव," काका म्हणाले.

दहा जणांनी फोन काढले. मंजुषाने एकेकाला भागवतच्याच वायफायवर सिंगापूरचं मशीन निवडून दिलं. काकांनी सवयीने गळ्यातलं घड्याळ दाबलं. आकडे एकेक करून ओरडले गेले: तीन. साडेतीन. दोन पूर्णांक नऊ. तेवढ्यात संस्कृतीचा निरोप आला, तो मंजुषाने मोठ्याने वाचला. त्याच मशीनपर्यंत तिकडून चारशे साठ. वर्गमित्राकडून एकशे वीस.

"अन् पैसे?" गर्दीतून रामीबाईंचा आवाज आला. "तिकडं अडीच घंट्याची मजुरी, माही दोन दिवसाची! कायचं सस्तं रे मेल्या?"

आता मैदान हसत होतं. वर्षापूर्वी मांडीवर थाप मारणारा माणूसही हसत होता, तितक्याच जोरात. मंजुषाने तेही टिपून ठेवलं, मनात.

भागवत मंचावरून उतरून तिच्याजवळ आला. आवाज खाली. "ताई, जन्मभर फुकट देतो तुमाले. मिटवून टाका."

तिने फोनवर दोन चाळीसची ती चित्रफीत काढून त्याच्यासमोर धरली. आवाज बंद होता. पण स्वतःचे हलणारे ओठ त्याला वाचता आले.

"हे मी माइकवर लावनार नाई," ती म्हणाली. "एक वाक्य पायजे. माइकवर."

"कोनतं?"

तिने सांगितलं.

तो मंचावर चढला. माइक एकदा किंचाळला. "मागल्या पटाच्या दिवशी... मंजुषाताईचं नेट तुटलं होतं."

"किती वाजता?" ती खालून म्हणाली.

"दोन एक्केचाळीसले."

"कुनी तोडलं?"

भागवतने माइक तोंडापासून थोडा लांब धरला. "मी."

"अन् माहं इंग्रजी?"

"साबूत होतं," भागवत म्हणाला.

मंजुषाने फोन पर्समध्ये टाकला, चेन लावली. मग पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि मंचाच्या कडेला बसलेल्या चतुराबाईंच्या मांडीवर ठेवली. वर्षभराचे आकडे, दिवसातून तीन. चतुराबाईंनी चष्मा चढवला, दहाएक पानं उलटली, आणि ठरावाचा कागद दुमडून त्याच वहीत घातला.

"खांब सगळ्यायले खुले राह्यतीन," त्या सचिवाला म्हणाल्या. "लिहा."

"ताई!" भागवतचा आवाज माइकशिवाय फाटला. "तुमी सांगतलं तसं बोललो ना मी!"

"बोलले," मंजुषा म्हणाली. "म्हनून चित्रफीत नाई लावली. वहीचं आपलं कुठं ठरलं होतं?"