धवल्यामागचा आवाज

मी रोडपालीतल्या कमलाकर सरांच्या घरातला, रेडिओ नि कॅसेट वाजवणारा रिसीव्हर बोलतोय. पण माझ्या स्मरणावर फार विसंबू नका. जपानमध्ये जन्मलो की सिंगापुरात, हेही मला खात्रीने सांगता येत नाही. खोक्यातून बाहेर काढल्यावर सरांच्या पत्नी किशोरीताईंनी मला हळदकुंकू लावलं, एवढं मात्र आठवतं. पुढे दर दसऱ्याला लावत राहिल्या. राबणाऱ्या वस्तूंची पूजा करायची, हा घरचा रिवाज. आवाजाचं बटण सर्वांत मोठं, म्हणून त्याला चिमूटही मोठी.

लेक स्नेहाचं लग्न तीन दिवसांवर आलं, तेव्हा सरांनी एक कॅसेट आणली. तिच्यात त्यांची आई सखूबाई लग्नातला धवला गात होती. एकेकाळी बेलपाड्यात तिच्या धवल्यावाचून लग्न लागत नसे. आता ती नव्हती, आणि तिचा आवाज उरला होता तो त्या एकाच फितीवर. हळदीला डीजे सुरू होण्याआधी तो नातीच्या कानी पडावा, एवढीच सरांची इच्छा.

मी वाजवू लागलो, तर सखूबाईचा गळा चिरफाळून बाहेर आला. सरांनी झटकन कॅसेट थांबवली.

"फीतच गेली गं. आणखी वाजवली तर उरलंय तेही जाईल."

"अहो, आधी रेडिओ लावून बघा ना."

"आणि रेडिओ स्वच्छ वाजला तर?"

"तर कळेल! पीएचडी केलीत, आणि एक बटण दाबायला घाबरता?"

शेवटी त्यांनीच दाबलं. बातम्यासुद्धा डावीकडून खरखरल्या. सर आनंदाने खुर्चीत बसलेच. फीत निर्दोष होती! मग त्यांनी स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, तर खरखर उजवीकडे गेली. म्हणजे स्पीकरही निर्दोष. अपराधी मीच.

माझं झाकण उघडलं. मोठ्या बटणामागे, फटीतून झिरपलेली पिवळी-लाल पूड साचली होती.

"अगंबाई, माझीच पूजा बाधली याला!"

"फार मनापासून करतेस ना."

सरांनी आत बटण साफ करायचं औषध फवारलं आणि बटण शंभरदा इकडून तिकडे फिरवलं. मग कॅसेट लावली.

फितीवरून माझ्याकडे येते ती वीज किती क्षीण! मुंगीच्या पावलाएवढंही बळ तिच्यात नसावं. पण तिच्यातून सखूबाईचा श्वास आला, मग सूर आला, आणि साठीतले सर माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. मी एवढा मोठा नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं.

हळदीला धवला घुमला.

पण सुरांच्या तळाशी एक मऊ थप... थप... येत होती. सरांनी मला पुन्हा दोनदा उघडलं. ती गेली नाही. माझ्यातच काही खोट उरली आहे, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो.

गेल्या दसऱ्याला स्नेहा तान्ही मुलगी घेऊन आली. माझी पूजा आता दुरूनच, फुलाने होते. सरांनी धवला लावला. त्यांची मोठी बहीण गंगूआत्या ऐकत होती. कॅसेट तिनेच भरली होती.

"ताई, ही थप कसली गं? मला अजून सापडली नाही."

आत्या हसली. "अरं येड्या, तुमी दोगं पुन्याला परीक्षेला गेलेले. पोर झोपत नवती. आय गात व्हती नि मांडीवर स्नेहाला थोपटत व्हती."