देव्हाऱ्याचं माप

कमलाकरांनी निरांजनाला धक्का न लावता मोजपट्टी देव्हाऱ्यात सरकवली, उंची घेतली, मग रुंदी, आणि दोन्ही आकडे तोंडातल्या तोंडात घोळवत भिंतीला हात टेकून उठले. गुडघे कुरकुरले. मागे वळले तर दारात प्रभाताई उभ्या, हातात कोथिंबिरीची जुडी.

“देवांचं माप कशाला हो?”

“असंच. गाडीत एक कप्पा उरतोय.”

“मग बूट ठेवा की त्यात.”

“बुटांना वेगळा केलाय,” असं म्हणून कमलाकरांनी मोजपट्टी खिशात टाकली आणि ते चपला घालून बाहेर पडले.

प्रभाताई कोथिंबीर निवडायला बसल्या खऱ्या, पण देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात जायला लागली. चार दिवसांच्या भटकंतीला देव कोण नेतं? माणसं बिऱ्हाड हलवताना देव नेतात. नाहीतर शेजारी सांगून जातात, बाई, तेवढं फूल वाहा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

गाडी म्हणजे जीपच्या मागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर. आत झोपायची, रांधायची, अंघोळीची सोय. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून कमलाकरांच्या डोक्यात तेवढंच होतं. अक्कलकोट रोडवर इमामसाब ट्रकच्या बॉड्या बांधायचे, त्यांच्या शेडमध्ये हा ट्रेलर हळूहळू उभा राहत होता. प्रभाताईंच्या लेखी तो डबा. “डब्यात आता काय बसवलंत?” असं त्या रोज जेवताना विचारायच्या, आणि कमलाकर भाकरीचा तुकडा हातात धरून अगदी मन लावून सांगायचे. सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा, आणि त्यामुळे तर प्रभाताईंचा संशय जास्तच बळावायचा.

त्याला कारण होतं. कमलाकरांना लग्नाआधीपासून हिंडायचं वेड. वर्षातून एकदा ऑफिसातले मित्र जमवून ते कुठेतरी जायचेच. मुलगा आशिष पुण्याला नोकरीला लागल्यावर घरात दोघंच उरली, तेव्हा ते प्रभाताईंनाही चल म्हणायचे. त्यावर प्रभाताई म्हणायच्या, “तुम्ही जा हो. देवांचं कोण बघणार?” या वाक्याला गल्लीत मोठा मान होता. शेजारची इंद्रायणी तर आपल्या सुनेला प्रभाताईंचं उदाहरण द्यायची.

खरी गोष्ट अशी, की कमलाकर कोपऱ्यावर वळले की प्रभाताई दार लावून घ्यायच्या आणि मग चार दिवस काहीएक करायच्या नाहीत. गॅस पेटायचा तो चहापुरता. कडक भाकरी चुरायची, वर दही आणि शेंगाचटणी, आणि ताट न घेता पातेल्यातूनच खायचं. दुपारी पुढच्या खोलीत पंख्याखाली फरशीवर आडवं व्हायचं आणि जाग येईल तेव्हा उठायचं. देवांनाही अंघोळ नसायची. श्रद्धा नव्हती असं नाही. पण लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक दिवस कुणाचं ना कुणाचं करण्यात गेला होता, आणि या चार दिवसांत कुणाचंच काही करायचं नव्हतं. त्यात देवही आले. कमलाकर यायच्या दिवशी सकाळी त्या सगळं घासूनपुसून लख्ख करायच्या, आणि वर्षभर पुन्हा त्या चार दिवसांची वाट बघायच्या. त्यांच्या आयुष्यातली ती एकच गोष्ट फक्त त्यांची होती.

आणि आता देवच निघाले, तर मागे राहायला निमित्त कुठलं?

दुसरी निमित्तं त्यांनी शोधून ठेवली होती, पण तिथंही काहीतरी गडबड होती. प्रवासात बाईमाणसाची अडचण होते, असं त्या भिंतीवरून इंद्रायणीला म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात डब्यात संडास बसला. माझी पाठ धरते म्हणाल्या, तर जाड फोमची गादी आली. चढायला जमणार नाही म्हणाल्या, तर दाराशी बुटकी पायरी आणि धरायला दांडी. ही इंद्रायणी सगळं कमलाकरांकडे पोचवते, असा त्यांना आता दाट संशय होता. खात्री करून घ्यायला त्यांनी एक गोष्ट मुद्दाम फक्त तिलाच सांगितली.

“उत्तरेला डोकं करून झोपायचं नसतं ना गं? त्या डब्याचं तोंड रोज कुठं असेल, काय ठाऊक. मला नाही बाई झोप यायची.”

“हो की काकू,” इंद्रायणी गंभीर होऊन म्हणाली.

दोनच दिवसांनी कमलाकर होकायंत्र घेऊन घरी आले.

“हे कशाला?” प्रभाताईंचा आवाज नको तितका चढला.

“सोलरचं पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून लावावं लागतं. नाहीतर बॅटरी भरत नाही.”

प्रभाताईंनी त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. कमलाकर होकायंत्र तळहातावर ठेवून गोल गोल फिरत होते. इतकं भोळं तोंड खऱ्या माणसाचं नसतं, असं प्रभाताईंना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या रिक्षा करून एकट्याच इमामसाबच्या शेडवर गेल्या.

इमामसाब वेल्डिंग थांबवून पुढे आले.

“या की वैनी. साहेब आत्ताच टायर बघायला गेलेत.”

“मला डबाच बघायचाय,” प्रभाताई म्हणाल्या.

आत पाऊल टाकताच त्यांना मानावं लागलं, की काम नेटकं होतं. ओट्याखाली छोटा सिलिंडर पट्ट्याने आवळलेला, वर दोन शेगड्या, भांड्यांच्या कप्प्यांना धक्क्याने उघडू नयेत म्हणून खटके. पाण्याची टाकी बरोबर चाकांच्या वर होती. जड सामान मधे आणि खाली ठेवायचं, मागं भरलं तर गाडी शेपटी हलवते, असं इमामसाब सांगत होते. प्रभाताईंचं लक्ष कोपऱ्यातल्या छोट्या फळीकडे होतं. फळीला पुढून बोटभर उंच कड लावलेली.

“हितं देव. करकचून ब्रेक मारला तरी हलायचे न्हाईत, बघा.”

“आणि झोपणार किती?”

“दोन मानसं झोपतील की. हे टेबल खाली पाडलं की दुसरा पलंग.”

प्रभाताईंनी टेबल खाली पाडायला लावलं. पलंग झाला. त्यांच्याच लांबीचा आहे, असं त्यांना वाटलं. आता आणखी काय पुरावा हवा होता? रिक्षात बसल्यावर त्यांना संतापाने रडू आलं. कुणी ओढून नेत असतं तर भांडता तरी आलं असतं. इथं समोरचा माणूस सोयी करत होता, आणि गादीची जाडी वाढवणाऱ्या माणसाशी कशावरून भांडणार?

ट्रेलर घरासमोर आला तेव्हा गल्लीतली माणसं बघायला जमली. इंद्रायणी आत डोकावून म्हणाली, “काकू, राणीसारखा थाट आहे तुमचा.” प्रभाताईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पायरीवरून उतरलीच.

सामान भरण्यात कमलाकरांचे दोन दिवस गेले. स्टीलचे डबे वाजू नयेत म्हणून त्यांनी चादरीच्या घडीत बसवले, चाकांखाली लावायच्या लाकडी पाचरी आणि जॅक दाराजवळ ठेवला, ताडपत्री गुंडाळून पलंगाखाली सारली. मधूनमधून ते स्वयंपाकघरात येऊन विचारत.

“अगं, वरणाला शिट्ट्या किती?”

“का? मी मेले की काय?”

“तसं नव्हे. माहीत असावं.”

“तीन,” प्रभाताई म्हणाल्या. हिंग आणि हळद कधी घालायची ते त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. अडाण्याचं सोंग घेऊन मला गाडीत चढवायला बघताय होय, असं त्यांच्या मनात आलं.

दुपारी कमलाकर बाहेर गेल्यावर त्या आत जाऊन आल्या. उशी एकच होती. चादर एकच. म्हणजे माझं मी आणायचं, अशी अपेक्षा दिसते. त्यांनी काही म्हणजे काही आणायचं नाही, असं ठरवलं. सकाळी चक्कर येत असल्याचं सांगायचं, एवढंच निमित्त आता शिल्लक होतं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी त्यांनी मुद्दाम टेबलावर, दिसेल अशी ठेवली.

निघायच्या सकाळी कमलाकरांची अंघोळ लवकर आटोपली. पूजाही त्यांनीच केली. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळलेले देव छातीशी धरून ते बाहेर गेले, आणि हात रिकामे करून परत आले. प्रभाताई पुढच्या खोलीत खुर्चीवर कपाळाला हात लावून तयार बसल्या होत्या.

“येतो मग,” कमलाकर म्हणाले.

प्रभाताईंच्या तोंडात चक्कर होती, ती तोंडातच राहिली.

“येतो म्हणजे?”

“निघतो. ऊन व्हायच्या आत टेंभुर्णी गाठावी म्हणतो.”

“एकटेच?”

“हो. तू कुठं येतेस?” अगदी सरळ आवाजात, पाणी प्यायल्यासारखं ते बोलले. “गुडघ्यामुळं मित्रांबरोबर जमत नाही आता. त्यांना गड चढायचे असतात. मला आपलं पायरी बुटकी हवी, गादी जाड हवी. रात्री चारदा उठावं लागतं, म्हणून संडासही घेतला करून.”

“आणि देव?”

कमलाकर जरा घुटमळले. मग जीपची किल्ली या हातातून त्या हातात घेत म्हणाले, “हंपीला गेलो होतो ना, तेव्हा मी एक दिवस आधीच परत आलो होतो.”

“आधी? कधी?”

“लॅचची किल्ली होती माझ्याकडं. तू इथं फरशीवर झोपली होतीस. दार वाजलं तरी हलली नाहीस, इतकी गाढ. देवांवर जुनी फुलं होती, पार वाळून गेलेली. तुला उठवावंसं वाटेना. मग मी पुन्हा स्टँडवर गेलो, मोहोळला आमच्या ऑफिसातल्या शरणप्पाकडं राहिलो आणि ठरल्या दिवशी आलो.”

प्रभाताई त्यांच्या आवाजात टोमणा शोधत राहिल्या. सवयच होती ती. टोमणा सापडेना.

“म्हटलं, या खेपेला देव मीच नेतो. तुझ्यामागं तेवढंही नको.”

“कधी येणार परत?”

“बघू. देव बरोबर आहेत, तर घाई अशी काही नाही.”

जीप सुरू झाली, मागचा ट्रेलर एकदा हिसका देऊन हलला, आणि सगळं लटांबर सावकाश कोपऱ्यावरून वळलं. प्रभाताईंनी दार लावून घेतलं. हवं ते सगळं मिळालं होतं. खोटंही बोलावं लागलं नव्हतं. त्यांनी पंखा लावला, फरशीवर आडव्या झाल्या, आणि थोड्याच वेळात उठून बसल्या. फरशी गार होती, पंखा चालू होता, पण काही केल्या डोळा लागेना. इतकी वर्षं आपण चोरून घेतो असं समजत होतो, ते हा माणूस आपल्याला मुकाट्याने देत होता, याची त्यांना शरम वाटत होती. आणि शरमेहून जास्त राग येत होता. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पाणी प्यायला आत जाताना त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली, आणि त्या थबकल्या. देव्हारा रिकामा नव्हता. मधोमध वाटीतल्या तांदळांत अन्नपूर्णा उभी होती, लग्नात माहेरहून प्रभाताईंबरोबर आलेली, बोटाएवढी. तिला अंघोळ घातलेली होती, हळदकुंकू लावलेलं होतं, आणि डोक्यावर ताजं गोकर्णाचं फूल.

विसरलेली नव्हती. प्रभाताईंची म्हणून मुद्दाम मागे ठेवली होती.

माहेरी मंगळवेढ्याला भावांच्या वाटण्या झाल्या, ते प्रभाताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेत झालं, भांडी झाली, सगळ्यात शेवटी देव. थोरल्याने खंडोबाचा टाक उचलला, धाकट्याने बाळकृष्ण, दोघांनी एकमेकांना नमस्कारही केला, आणि त्यानंतर ते एका पंगतीला कधी बसले नाहीत. प्रभाताई पाणी न पिताच पुढच्या खोलीत आल्या. त्यांनी फोन लावला.

“टोलनाक्याच्या पुढं थांबलोय,” कमलाकर म्हणाले. मागून ट्रक जात होते. “चाकं तापलीत का बघतोय. का गं?”

“अन्नपूर्णा इथंच आहे.”

“तुझी आहे ना. मी कशी नेणार?”

“वाटण्या करताय?”

“कसल्या वाटण्या? काय झालंय तुला?”

“मला विचारलं नाहीत तुम्ही.”

“काय विचारायचं?”

“येतेस का म्हणून. इतके दिवस डबा भरत होतात. एकदाही विचारलं नाहीत.”

तिकडे जीपचं दार लागल्याचा आवाज आला.

“तू आली असतीस?” कमलाकरांनी विचारलं.

प्रभाताईंनी खोटं बोलायचा विचार केला, आणि सोडून दिला.

“नसते आले,” त्या म्हणाल्या. “पण विचारायचं.”

प्रभाताईंनी फोन कानाला तसाच धरला. कमलाकर विचारेपर्यंत तो ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.