वर्ष संपायच्या आत

डिसेंबरची थंडी डोंगर उतरून दाराशी येऊन बसली होती. लोर्नानं मक्याचा पाव ताटात उलटला. तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीला, टेसाला, त्याचा वासही सोसेना. तोंडावर बाही दाबून ती परसात पळाली.

"शुक्रवारी लग्न उरकून टाकू," रॉय कॉफी फुंकत बायकोला म्हणाला. "वर्ष संपलं की एल्डनकाकांची खुर्ची गेली."

नोव्हेंबरच्या मतदानानं अमेरिकेतल्या त्या राज्याची घटना बदलली होती. आजवर काऊंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, कुणीही शहाणासुरता माणूस न्यायाधीश नेमला जाई. जानेवारीपासून मुरलेला वकीलच हवा. एल्डन पिटमन गुरांचं खाद्य विकायचा आणि शेजारच्याच खोलीत न्याय द्यायचा. शिकलेला न्यायाधीश आधी क्लिंटचं वय विचारील, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. क्लिंट एकोणतीस वर्षांचा, रॉयच्या लाकूडगिरणीतला मुकादम; टेसाच्या पोटातलं मूल त्याचं. लग्न लागलं तर जावई, नाहीतर कैदी.

घटनेतल्या या सुधारणेनंच अशी घाई आणली. शुक्रवारी एल्डनच्या दारात रांग लागली होती: कोवळ्या पोरी, थोराड नवरे, जमिनीकडे बघणाऱ्या आया.

"काय सासूबाई," क्लिंट हसला, "तुमच्याहून चारच वर्षांनी धाकटा की मी."

आत एल्डननं टेसाला मायेनं जवळ बोलावलं. "तुझ्या आईचं लग्नही मीच लावलं गं. सोळाची होती. झाला ना संसार?"

"झाला," लोर्ना म्हणाली. "शाळा गेली, दोन दात गेले. बाकी झाला."

रॉय बुटांकडे बघत राहिला.

एल्डन खाकरला. "दोघांची संमती लागते. रॉय?"

"आहे."

"लोर्ना?"

"टेसाला विचारा की, काका."

"तिला विचारायचं नसतं गं. आईबापाला विचारायचं."

"मग माझी नाही."

रॉय तिच्या कानाशी वाकला. "घरी चल, मग बघतो."

"घरी येतंय कोण? बहिणीकडे चाललेय मी. पोरीला घेऊन."

नदीतल्या गोट्यासारखा गार पडलेला टेसाचा हात तिनं धरला. पोरीनं आईचा हात घट्ट आवळला.

एल्डननं चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुणी विचारायला शिकवलं नव्हतं. "पुढचे या," तो म्हणाला.

पुढची आई लोर्नाच्याच वर्गातली, मॅव्हिस. तिची लेक चौदाची. वाट देताना मॅव्हिसनं लोर्नाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

दार लागता लागता लोर्नाला आतून मॅव्हिसचा आवाज ऐकू आला. एल्डनचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच ती 'हो' म्हणाली होती.