टाकी रोज भरलेली

फिटर आयुष्यभर शहराच्या पाणीखात्यात होते. रस्त्याखालचा पाइप कुठे गळतोय हे ते जमिनीला लोखंडी कांब टेकवून, कांबेला कान लावून सांगायचे, आणि खणलं की तिथेच पाणी लागायचं. निवृत्त झाले तेव्हा शहराची गळती सुटली आणि ते हात धुऊन घरच्या गाडीच्या मागे लागले. गाडी म्हातारी, इंजिन तापट, आणि त्याला थंड ठेवणारं पाणी कुठून ना कुठून पाझरायचंच. सकाळी तोंड धुतलं की फिटर बॉनेट उघडायचे, रेडिएटरशेजारच्या प्लॅस्टिकच्या टाकीत किती उरलंय ते बघायचे, लागेल तेवढं पाणी घालायचे, गाडीला दोन शिव्या हासडायचे आणि खुशीत आत यायचे. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली फिटरबाईच म्हणायची, ती गाडीला सवत म्हणायची.

मग फिटरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही आणि डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. घरच्यांनी या दोन्हींचा मिळून एकच अर्थ लावला, तो म्हणजे गाडी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीने तर जाहीरच करून टाकलं, "ही गाडी एकदा जरी रस्त्यात बसली ना, तर थेट भंगारात. बाबांच्या जिवापेक्षा मोठी नाहीये ती."

फिटरबाई घाबरल्या. गाडी गेली तर हा माणूस दिवसभर करणार काय? त्यांनी मनाशी ठरवलं की गाडीला कुरकुर म्हणून करू द्यायची नाही. फिटर उठायच्या आत त्या गुपचूप बाहेर जाऊन टाकी भरू लागल्या. पाणीसुद्धा साधं नाही, तान्ह्या बाळाला पाजायचं असावं तसं उकळून गार केलेलं.

चालतेफिरते झाल्यावर फिटरांनी पुन्हा बॉनेट उघडायला सुरुवात केली. टाकी भरलेली. दुसऱ्या दिवशीही भरलेली. ते वाकून गाडीखाली बघायचे, फरशीवरून बोट फिरवायचे, पुन्हा टाकीकडे बघायचे. एकदा आत येऊन त्यांनी विचारलं, "अगं, तू पाणी घातलंस का गाडीत?"

"मी? मी कशाला हात लावू माझ्या सवतीला?" फिटरबाई हसून म्हणाल्या.

मुलीला विचारलं, ती नाही म्हणाली. जावयाला विचारलं, त्यानेही नकारार्थी मान हलवली. त्या दोघांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे फिटरबाईंना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट आपलं बिंग फुटलं नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं.

त्यानंतर मात्र फिटर उतरत गेले. दाराची कडी लावून झाल्यावर परत येऊन कडी तपासायचे. गोळी घेतली की नाही ते बायकोला विचारायचे, आणि तिने हो म्हटलं तरी तोंडाकडे बघत राहायचे. गाडीची किल्ली त्यांनी आपण होऊन जावयाला दिली. बॉनेट उघडणं बंद झालं, शिव्या बंद झाल्या. एका दुपारी खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाले, "गाडीला गिऱ्हाईक बघा आता."

"अहो, असं काय करताय? छान चाललीये की ती."

"ती चाललीये गं. माझ्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही."

फिटरबाईंच्या काळजात चर्र झालं. पण ऑपरेशननंतर माणसं हळवी होतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. येत्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घालू, असं म्हणून त्यांनी ती गोष्ट पुढे ढकलली.

त्या खेपेला सगळेच निघाले. जावई गाडी चालवत होता, मुलगी त्याच्या शेजारी, म्हातारा-म्हातारी मागे. उड्डाणपुलाच्या चढावर तापमानाची सुई लाल पट्टीत गेली, आणि पूल उतरता उतरता बॉनेटच्या फटींतून भसाभस वाफ यायला लागली. जावयाने गाडी कडेला घेतली. "बाबा, तुम्ही अजिबात उतरायचं नाही," मुलीने दटावलं. जावई बॉनेट वर करून, रुमाल हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला वाकला.

"हात लावू नकोस!"

असा आवाज निघाला की पलीकडच्या फुटपाथवरची माणसं थांबली. मुलीचं लग्न झाल्यापासून फिटरांनी जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "उकळतं पाणी तोंडावर घ्यायचंय का? मागे हो! दोन्ही पाय मागे!"

जावई दोन्ही पाय मागे झाला. फिटर उतरले आणि त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही. मग डॉक्टरांची वेळ टळून गेली तरी सगळे झाडाखाली उभे राहिले. रेडिएटरच्या पाइपावर तळहात ठेवता येईल इतका तो निवला, तेव्हा फिटरांनी स्वतः जाड फडक्याने झाकण हळूहळू फिरवलं. आत पाणी नव्हतंच, विटकरी रंगाचा चिकट चिखल होता. त्यांनी काडी बुडवून वर काढली, तर तिला गोळाच लागून आला.

"हे पाणी नव्हे," फिटर म्हणाले. "कोणी काय घातलंय यात?"

जावई बुटांकडे बघत बोलला. "मी घालायचो. कूलंट, इंजिन थंड ठेवतं ते. लाल, चांगल्यातलं. ऑफिसला जाताना. हिला कळलं असतं तर गाडी भंगारात गेली असती."

"तू?" मुलगी उडालीच. "अरे, मी घालत होते! हिरवं. रोज संध्याकाळी. मीच मोठ्या तोंडाने भंगाराची भाषा केली होती, मग सांगणार कोणाला?"

फिटरबाई पुढे झाल्या. "आणि मी पहाटे. उकळून गार केलेलं."

तिघांनाही वाटत होतं की टाकी जरा जरा कमी होते, आपण घातलं की भागतं; लाल आणि हिरवं एकत्र आलं की त्याचा असा चिखल होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फिटर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणजे गळत होती?"

"हो."

"रोज?"

"रोजच," फिटरबाई म्हणाल्या.

फिटर फुटपाथच्या कठड्यावर बसले. "खाली ओलं असायचं. बोटाला लागायचं. आणि वर बघावं तर टाकी भरलेली. तुम्हाला विचारलं, तर तिघंही नाही म्हणालात. मग उरलं कोण? मीच. मला वाटलं, मीच भरतो आणि विसरून जातो. मला वाटलं, डोकं गेलं माझं."

धरणीने पोटात घ्यावं असं फिटरबाईंना झालं. ज्याच्या हृदयाला धक्का लागू नये म्हणून इतका आटापिटा केला, त्याला आपण आपल्याच तोंडाने वेड्यात काढलं होतं, तेही हसत हसत. त्या नवऱ्याशेजारी कठड्यावर बसल्या. "चुकलं हो आमचं. सगळ्यात आधी मीच खोटं बोलले."

फिटरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा वेगळंच सांगत होता. "म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले. नाक पुसलं आणि पुन्हा म्हणाले, "मी बरोबर होतो की गं!"

गाडी दोरीने ओढत घरी आणली. सुट्टीच्या दिवशी फिटर अंगणात स्टूल टाकून बसले आणि त्यांनी तिघांना असं राबवलं की ज्याचं नाव ते. खालचा बोल्ट सोडून चिखल काढला. स्वच्छ पाणी भरून, गाडीतला हीटर पूर्ण लावून इंजिन चालू ठेवलं, निवू दिलं, पाणी सोडून दिलं, पुन्हा भरलं. पाणी आधी विटकरी आलं, मग मळकट, मग नुसतं गढूळ. आता पुरे, असं मुलगी काकुळतीला येऊन म्हणाली, तेव्हा फिटर म्हणाले, "तुझं लाल-हिरवं भांडण आहे ते, मिटेपर्यंत धुवायचं." खालच्या रबरी पाइपावरून त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पच्या आड दडलेली चीर अचूक दाखवली. जावयाने तिथे नवा पाइप बसवला. पाणी नितळ आल्यावर एकाच रंगाचं कूलंट, बाटलीतल्या शुद्ध पाण्यात मिसळून, फिटरांच्या नजरेखाली भरलं गेलं. या सगळ्यात जावयाला ज्या शिव्या बसल्या त्या ऐकून फिटरबाईंचं पोट भरलं.

डॉक्टरांनी नवीन वेळ दिली. त्या सकाळी फिटरांनी जावयाकडे हात पसरून किल्ली मागितली. मुलगी काही बोलणार, तेवढ्यात आईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंड मिटलं. दोघंच निघाले.

उड्डाणपुलाचा चढ लागला तशा फिटरबाई ताठ बसल्या. तिरक्या नजरेने त्या सुईकडे बघत होत्या आणि नवऱ्याला कळू नये म्हणून मधूनमधून खिडकीबाहेर बघितल्यासारखं करत होत्या.

"चोरून कशाला बघतेस?" फिटर म्हणाले. "उघड बघ. दोघांनी बघितलेलं बरं. फक्त काय दिसतंय ते सांगत जा मला."

फिटरबाईंनी चष्मा नीट केला आणि वाकून बघितलं. "मध्यावर आहे."

"मलाही तिथेच दिसतेय," फिटर म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.