सोलांजचं शिफारसपत्र

माझी सून मुग्धा इथे दुबईत, ऊद मेथाच्या हॉलमध्ये भाषण करणार होती. विषय काय, तर फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या आफ्रिकेतल्या बायका आणि त्यांच्यावरचा अन्याय. मी चौथी शिकलेली, पण ते भाषण शिजलं कुठे ते पाहिलंय. आमच्या ओट्यावर. पुस्तकं मुग्धाची, अर्थ सोलांजचा.

सोलांज आमची कामवाली, कॅमेरूनची. तिकडे शाळेत मास्तरीण होती. कांदा चिरता चिरता ओळी वाचायची आणि सांगायची, "मॅडम, ये औरत रो नहीं रही. मालकिन पे हँस रही है." मॅडम भराभरा लिहून घ्यायच्या.

बदल्यात सोलांजने एकच मागितलं. एका शाळेत फ्रेंचला मदतनीस हवी होती, सोमवारी मुलाखत. आमच्या शुभ्राला, म्हणजे माझ्या नातीला, तीन वर्षं फ्रेंच शिकवलं एवढं लिहून द्या.

"देते गं, इन्शाल्ला," मुग्धा म्हणाली. ही बया इन्शाल्ला म्हणाली की समजायचं, खलास.

भाषण दणक्यात झालं. "यांचा आवाज कुणी ऐकलाच नाही," म्हणताना हिने सूर काय लावला! बायकांनी पदराने डोळे टिपले. मागे सोलांज चहा ओतत होती. घरात तिचा वेगळा कप मीच ठेवलाय, मी काही देवी नाही. पण मी त्यावर भाषणं ठोकत नाही.

घरी आल्यावर सोलांजला पत्र मिळालं. शुभ्राने वाचलं, "आजी, इट सेज शी इज ऑनेस्ट, क्लीन अँड पंक्च्युअल."

"आणि फ्रेंच?"

"नथिंग."

सोलांजने घडी घालून कागद टेबलावर ठेवला आणि भांड्यांकडे वळली.

"आई, समजून घ्या," मुग्धा कुजबुजली. "ती गेली तर घर कोण बघणार? आणि उद्या लोक म्हणतील, भाषणही तिनेच लिहून दिलं. तुम्हाला नाही कळायचं यातलं."

"इंग्रजी नाही कळत. तू कळतेस. तुझ्या पुस्तकातली गोरी मालकीण हेच बोलते ना? तिला निदान तुझ्या भाषणात शिव्या बसल्या, तुला टाळ्या!"

सोमवारी शुभ्राच्या तिन्ही वर्षांच्या फ्रेंचच्या वह्या पिशवीत भरल्या आणि सोलांजला घेऊन टॅक्सीत बसले. शाळेतल्या बाईंनी पत्र मागितलं. मी वह्या आपटल्या. "ये देखो. लाल पेन इसका है."

बाईंनी एक वही चाळली, दुसरी चाळली, मग सोलांजशी फ्रेंचमध्ये बोलत सुटल्या. अर्धा तास मी भिंतीवरचे नकाशे बघत बसले. शेवटी म्हणाल्या, "एक तारीख से आओ. व्हिसा हम देखेंगे." सोलांजच्या घरच्या व्हिसावर सही निनादची, माझ्या लेकाची; तिला सोडायलाही त्याचीच सही लागणार. माझ्यापुढे तो नाही म्हणेल? म्हणून तर बघू दे!

फोन वाजला. मुग्धा.

"आई, सोलांज कुठंय? सिंक भरलंय."

"मग घास," म्हटलं आणि ठेवला.